फाइल, तक्ता आणि पेशंटची पिशवी: बडोद्यातल्या फार्म.डी. इंटर्नसाठी वॉर्ड रोटेशनची वाट

बडोद्यात घरातलं कुणी फार्मसीला गेलं की पहिला प्रश्न ठरलेला असतो: "कुठल्या कंपनीत लागणार?" विचारणाऱ्याचं काही चुकत नाही. सयाजीरावांच्या कारकिर्दीत १८९० साली इथे कलाभवन ही तंत्रशाळा निघाली आणि १९०७ साली गज्जर, कोटिभास्कर व अमीन या मंडळींनी अलेंबिक ही औषध कंपनी उभी केली. तेव्हापासून औषध म्हटलं की कारखाना, बॅच नंबर आणि क्यूसी (गुणवत्ता तपासणीची) लॅब हेच इथल्या मराठी घरांच्याही डोळ्यांसमोर येतं. मग फार्म.डी.च्या (डॉक्टर ऑफ फार्मसी या पदवीच्या) सहाव्या वर्षाची नात रोज सकाळी पांढरा कोट घालून सयाजी हॉस्पिटलला, गोत्रीला नाहीतर वाघोडियाकडच्या एखाद्या हॉस्पिटलला जाते, ती तिथे नेमकं करते काय, हे दांडिया बाजारातल्या आजीला उमगत नाही. खरं सांगायचं तर पहिला महिनाभर नातीलाही उमगत नाही. डॉक्टर तपासतात, सिस्टर इंजेक्शन देतात, नातेवाईक औषधं आणतात. आपण कुठे उभं राहायचं?

माझं उत्तर असं. वॉर्डातल्या प्रत्येक पेशंटच्या औषधांच्या तीन याद्या असतात. डॉक्टरांनी फाइलमध्ये लिहिलेली पहिली, सिस्टरांच्या तक्त्यावर सही होऊन प्रत्यक्ष दिलेली दुसरी, आणि पेशंट घरी घेत होता, कदाचित उशीखाली ठेवून अजूनही घेत असेल, त्या औषधांची तिसरी. या तिन्ही याद्या तंतोतंत जुळल्या असा पेशंट क्वचित सापडतो. जिथे त्या जुळत नाहीत तिथे तुमचं काम सुरू होतं.

नियमात काय आहे

फार्मसी कौन्सिल ऑफ इंडियाच्या २००८ च्या नियमावलीनुसार फार्म.डी. सहा वर्षांचा आहे आणि सहावं वर्ष पूर्ण इंटर्नशिपचं, म्हणजेच रेसिडेन्सीचं. बी.फार्म. करून तीन वर्षांच्या फार्म.डी.ला आलेल्यांचंही शेवटचं वर्ष तेच. त्यातले सहा महिने जनरल मेडिसिनमध्ये आणि उरलेले सहा महिने आणखी तीन विभागांत, प्रत्येकी दोन महिने. हे तीन विभाग बहुधा सर्जरी, बालरोग, स्त्रीरोग-प्रसूती, मानसोपचार, त्वचारोग आणि ऑर्थोपेडिक्स यांतले असतात. हॉस्पिटल किमान ३०० खाटांचं हवं. नेमून दिलेल्या वॉर्डात क्लिनिकल फार्मसीची सेवा स्वतंत्रपणे द्यायची, असं नियम सांगतो. "स्वतंत्रपणे" हा शब्द कागदावर भारदस्त दिसतो, पण प्रत्यक्षात तो स्वतः कमवावा लागतो, आणि त्याला दोनेक महिने सहज जातात.

विभाग निवडायची मुभा असेल तर एक सुचवतो. बालरोग घ्याच. तिथे प्रत्येक डोसचं गणित करावं लागतं आणि तुमची खरी किंमत तिथे सगळ्यांत लवकर कळते.

जाण्याआधीची तयारी

हिपॅटायटिस बीची लस पूर्ण झाली आहे का ते बघा. नसेल तर आजच सुरू करा, रोटेशनच्या आदल्या दिवशी नको. वापरलेली सुई टोचलीच तर जागा साबणपाण्याने धुवायची, पिळत बसायचं नाही, लगेच कॅज्युअल्टीत जाऊन नोंद करायची. एचआयव्हीची प्रतिबंधक औषधं शक्य तितक्या लवकर, दोन तासांच्या आत मिळाली तर उत्तम, आणि उशिरात उशिरा ७२ तासांच्या आत सुरू व्हावी लागतात. घरचे घाबरतील म्हणून लपवून ठेवायची ही गोष्ट नाही.

कोटाच्या खिशात छोटी वही, दोन पेनं (एक हमखास कुणीतरी मागून नेतं) आणि कॅल्क्युलेटर असलेला फोन. त्याच फोनने केस पेपरचा फोटो मात्र काढू नका. "सरांना दाखवायला" काढलेला फोटो संध्याकाळी तीन ग्रुपांत फिरतो आणि त्यावर पेशंटचं नाव-गाव सगळं असतं. वहीत लिहिताना बेड नंबर, वय आणि आद्याक्षरं पुरतात.

पहिल्या दिवशी विभागप्रमुखांना भेटणं हा शिष्टाचार झाला. त्याहून महत्त्वाची भेट वॉर्डाच्या इन्चार्ज सिस्टरांची. त्यांना नाव सांगा, किती दिवस आहात ते सांगा आणि विचारा, "सिस्टर, तक्ता कुठल्या वेळी बघितला तर तुम्हाला अडचण होणार नाही?" एवढ्या एका प्रश्नावर पुढचे सहा महिने सोपे होतात. औषधं देण्याच्या ऐन वेळी तक्ता हातातून ओढणारा इंटर्न कुठल्याच वॉर्डात आवडता नसतो.

राउंडच्या आधीचा तास

राउंड नऊला असेल तर आठला पोचा. पेशंट सगळे बघायचे नाहीत. सुरुवातीला चार निवडा. निवडताना मी क्रम असा लावतो: कालपासून आज नव्याने भरती झालेले, वय साठच्या वर आणि औषधं आठाच्या वर असलेले, क्रिएटिनिन (किडनीचं काम दाखवणारा रक्तातला आकडा) वाढलेले, आणि फिट्सचं, रक्त पातळ करणारं किंवा इन्सुलिन असं नाजूक औषध चालू असलेले. उरलेल्यांकडे दुपारी.

फाइल मागच्या बाजूने वाचायला सुरुवात करा. आधी ताजे रिपोर्ट, मग आजची ट्रीटमेंट शीट, मग भरतीच्या वेळची हकीकत. पुढून वाचत गेलं की निदान आधी डोळ्यांत भरतं आणि मग सगळी औषधं त्या निदानाला शोभणारी वाटू लागतात. मागून आलं की प्रत्येक औषधाला प्रश्न पडतो: हे कशासाठी? ज्या औषधाला फाइलमध्ये कारण सापडत नाही त्याला वहीत खूण करा. मूळ दुखणं कधीच बरं झालं, तरी "पॅन्टोप्राझोल बीडी" (अ‍ॅसिडिटीची गोळी, दिवसातून दोनदा) नाहीतर तिसऱ्या दिवशी थांबायला हवं होतं असं अँटिबायोटिक सातव्या दिवशीही पुढे कॉपी होत राहिलेलं तुम्हाला दर आठवड्याला सापडेल.

नंतर सिस्टरांचा तक्ता. सही नसलेली चौकट शोधा. डोस चुकला त्याची कारणं चार-पाचच असतात: पेशंट तपासणीला खाली गेला होता, उलटी होत होती, सलाइनची सुई निघाली होती, किंवा औषध स्टोअरमध्ये नव्हतं आणि नातेवाईक बाहेरच्या मेडिकलमधून आणायला गेले ते आलेच नाहीत. सरकारी हॉस्पिटलात हे शेवटचं कारण फार मोठं आहे. लिहिलेलं अँटिबायोटिक दीड दिवस सुरूच झालं नाही आणि राउंडला चर्चा "ताप का उतरत नाही" याची चाललीय, हे चित्र नवं नाही. अशा वेळी स्टोअरमध्ये त्याच गटातलं काय उपलब्ध आहे ते आधी विचारून मगच राउंडला उभं राहा.

तिसरी यादी: पेशंटची पिशवी

या कामाला मी सगळ्यांत जास्त वेळ देतो, कारण डॉक्टरांकडे आणि सिस्टरांकडे नेमका तोच नसतो.

पेशंटजवळ बसा, उभ्याने नको. आधी स्वतःची ओळख: "हुं फार्मासिस्ट छुं, तमारी दवा विशे पूछवुं छे." मग: "दवानी थेली लाव्या छो?" आणली नसेल तर मुलाला फोन करून घरच्या पाकिटांचे फोटो मागवायला सांगा (हा फोटो पेशंटचा स्वतःचा असतो, त्याला हरकत नाही). रावपुऱ्यातले जुने मराठी आजोबा भेटले तर अर्थातच मराठीत, आणि ते आधी तुमचं आडनाव विचारणार, मूळ गाव विचारणार, मग गोळ्यांकडे वळणार. तो वेळ वाया गेला असं समजू नका.

प्रश्न उघडा ठेवा. "बीपीची गोळी रोज घेता ना?" याला उत्तर "हो"च येतं. "काल सकाळी उठल्यापासून झोपेपर्यंत काय काय घेतलं, सांगा बघू" याला खरं उत्तर येतं. पुढे एकेक वेगळं विचारावं लागतं, कारण पेशंट या गोष्टींना औषध समजतच नाहीत: डोळ्यांचे थेंब, इनहेलर, मलम, महिन्याला घेतलं जाणारं इंजेक्शन, गर्भनिरोधक गोळी, झोपेची गोळी, चूर्ण-काढे, तंबाखू. शेवटी किमतीचा प्रश्न, आणि तो हळू आवाजात: "गोळ्या महाग पडतात म्हणून मध्ये सोडाव्या लागतात का?" मुलासमोर याचं उत्तर देणार नाहीत. मुलगा चहा आणायला गेला की विचारा.

आणि पडीकी. छोटा उदेपूर, पंचमहाल, नर्मदा पट्ट्यातून येणाऱ्या पेशंटच्या खिशात कागदात गुंडाळलेल्या, नाव नसलेल्या गोळ्यांची पुडी निघते. गुडघे दुखत होते, गावातल्या "डॉक्टर"ने दिली, "बहु सारी दवा छे", दोन तासांत दुखणं थांबतं. अशा पुडीत वेदनाशामक आणि स्टेरॉइड असण्याची शक्यता धरूनच पुढचा विचार करायचा. चेहरा सुजल्यासारखा आहे का, साखर अचानक वाढलीय का, हिमोग्लोबिन उतरलंय का, पोटात आग होते का, क्रिएटिनिन वर गेलंय का? आणि महिनोन्महिने घेतलेली पुडी भरतीच्या दिवशी एकदम बंद झाली असेल, तर दोन दिवसांनी उतरलेलं बीपी आणि मळमळ स्टेरॉइड तुटल्यामुळेही असू शकतं. पुडी टाकून देऊ नका, पेशंटवर रागावूही नका. रेसिडेंट डॉक्टरांना प्रत्यक्ष दाखवा. फाइलमध्ये कुठेही नसलेली अशी एक गोष्ट तुम्ही टेबलावर ठेवलीत की तुमच्याकडे बघण्याची सगळ्यांची नजर बदलते.

फरक सापडला, आता बोलायचं कसं

समजा, सत्तर वर्षांच्या एक आजी. वजन ४५ किलो, क्रिएटिनिन १.४. रिपोर्टवर आकडा जरासा वाढलेला दिसतो, कुणी थांबत नाही. क्लिअरन्स, म्हणजे किडनी मिनिटाला किती रक्त साफ करते ते काढायला, कॉकक्रॉफ्ट-गॉल्टचं सूत्र लावा: १४० वजा वय, गुणिले वजन, भागिले ७२ गुणिले क्रिएटिनिन, आणि स्त्री असेल तर उत्तराला ०.८५ ने गुणायचं. ७० गुणिले ४५ म्हणजे ३१५०. त्याला १००.८ ने भागलं की ३१ च्या आसपास, ०.८५ ने गुणलं की साधारण २७ मिली प्रति मिनिट. आजींची किडनी अर्ध्याहूनही कमी काम करतेय आणि त्यांना लिव्होफ्लॉक्सासिन हे अँटिबायोटिक ७५० मिलिग्रॅम रोज चाललंय. २० ते ४९ क्लिअरन्सला तेच ७५० दर ४८ तासांनी द्यायचं असतं. (क्रिएटिनिन रोज वर-खाली होत असेल तर हे सूत्र फसवं ठरतं. तेव्हा आकड्याऐवजी कल बघायचा आणि लघवी किती होते ते विचारायचं.)

आता हे सांगायचं कसं? "सर, लिव्होफ्लॉक्सासिनचा डोस चुकलाय" असं पंधरा जणांच्या राउंडमध्ये म्हणालात तर डोस कदाचित बदलेल, पण पुढच्या महिन्यात तुमचं कुणी ऐकणार नाही. राउंडच्या आधी आर-वनला (पहिल्या वर्षाच्या रेसिडेंट डॉक्टरांना) गाठा आणि चारच वाक्यं बोला: "मॅडम, बारा नंबरच्या आजी. वजन ४५, क्रिएटिनिन १.४, क्लिअरन्स सत्तावीसच्या आसपास येतो. लिव्होफ्लॉक्सासिन ७५० रोज चालू आहे, या क्लिअरन्सला एक दिवसाआड देतात. आजचा डोस गेलाय, उद्याचा वगळून परवा देऊ या का?" कोण, कुठला आकडा, काय अडचण, काय करू या. चौथं वाक्य तयार नसेल तर तोंड उघडू नका. अडचण दाखवून पर्याय न देणाऱ्याने डॉक्टरांचं काम फक्त वाढवलेलं असतं.

त्याच आजींच्या पिशवीत लोहाची गोळी आणि अँटासिड निघालं, तर तोंडाने घ्यायच्या लिव्होफ्लॉक्सासिनपासून दोन तासांचं अंतर हवं, हे सिस्टरांना सांगा आणि तक्त्यावर वेळा मांडून द्या. खोकला तीन आठवड्यांचा असेल तर आणखी एक गोष्ट हळूच विचारून ठेवा: थुंकी टीबीसाठी गेलीय का? या गटातल्या औषधाने टीबीही थोडा दबतो आणि निदान लांबतं.

सूचना मान्य झाली नाही तर? कारण विचारा, वहीत लिहा. अनेकदा त्यांचं कारण तुमच्या पुस्तकापेक्षा बरं असतं. पण जिवाला धोका दिसत असेल, उदाहरणार्थ पोटॅशियम क्लोराइड सलाइनमध्ये न मिसळता थेट शिरेत द्यायला सिरिंजमध्ये भरलं जातंय, तर शिष्टाचार बाजूला ठेवून तिथल्या तिथे "सिस्टर, थांबा" म्हणायचं. १५ टक्क्यांच्या १० मिलीच्या एका अँप्यूलमध्ये २० मिलिइक्विव्हॅलंट पोटॅशियम असतं. ते एकदम गेलं तर हृदय थांबतं.

विभागवार

*मेडिसिन.* सहा महिने इथेच आहात, तेव्हा रोज एक औषध मुळापासून वाचा, तेही ज्या दिवशी ते पेशंटला चालू आहे त्याच दिवशी. फिट्सवरच्या फेनिटॉइनपासून सुरुवात करावी असं मला वाटतं, कारण त्यात सगळंच आहे. ते डेक्स्ट्रोजमध्ये साका धरतं, म्हणून नॉर्मल सलाइनमध्येच. मोठ्यांना शिरेतून मिनिटाला ५० मिलिग्रॅमपेक्षा जलद नाही, नाहीतर बीपी कोसळतं. अल्ब्युमिन (रक्तातलं प्रथिन) कमी असेल तर रक्तातली पातळी फसवी येते: मोजलेल्या पातळीला (०.२ गुणिले अल्ब्युमिन, अधिक ०.१) ने भागायचं. पातळी ८ आली आणि अल्ब्युमिन २ असेल तर भागाकार ०.५ ने, म्हणजे खरा अर्थ १६. "पातळी कमी आहे, डोस वाढवा" असं लिहिलं जायच्या आत हे तुम्ही सांगायचं आहे. सेफ्ट्रायॅक्सोन आणि कॅल्शियम असलेलं रिंगर लॅक्टेट एकाच नळीतून जाऊ द्यायचं नाही, हेही याच वहीत. टीबीचं रिफाम्पिसिन सुरू झालेल्या पेशंटला रक्त पातळ करणारं वॉरफॅरिन चालू असेल तर वॉरफॅरिनचा परिणाम घटतो आणि आयएनआर (रक्त गोठण्याची तपासणी) सारखा बघावा लागतो. आदिवासी पट्ट्यातून आलेल्या पेशंटला मलेरियासाठी प्रिमाक्विन लिहिलं गेलं तर जी६पीडी या एन्झाइमची तपासणी झालीय का ते विचारा. सिकलसेलही त्याच भागात जास्त दिसतो, आणि अशा पेशंटच्या पिशवीत हायड्रॉक्सियुरिया असेल तर रक्तपेशींचा रिपोर्ट ताजा हवा.

*बालरोग.* सगळं वजनावर. फाइलवर आजचं वजन नसेल तर आधी वजन करवून घ्या, मगच डोसकडे बघा. पॅरासिटामॉलच घ्या. १० किलोच्या बाळाला किलोला १५ मिलिग्रॅमप्रमाणे एका वेळी १५० मिलिग्रॅम. बाजारात १२५ मिलिग्रॅम प्रति ५ मिलीचं सिरप आहे, २५० चं आहे, आणि थेंबांची बाटली १०० मिलिग्रॅम प्रति मिलीची. म्हणजे तोच डोस पहिल्यातून ६ मिली, दुसऱ्यातून ३ मिली, थेंबांतून दीड मिली. आईला "सहा मिली द्या" असं सांगितलं आणि तिच्या घरी थेंबांची बाटली असेल तर बाळाच्या पोटात ६०० मिलिग्रॅम गेले. म्हणून आईला आकडा सांगून उठायचं नाही. तिच्याच बाटलीतून, तिच्याच हाताने भरून घ्यायचं आणि झाकणावर किंवा ड्रॉपरवर पेनाने खूण करून द्यायची.

*प्रसूती.* फिट्स रोखण्यासाठी मॅग्नेशियम सल्फेट चालू असलेल्या बाईजवळ तीन गोष्टी बघितल्या जातात का, एवढंच रोज तपासलंत तरी पोस्टिंग सार्थकी लागलं: गुडघ्यावर ठोकल्यावर पाय उडतो का, श्वासाचा वेग पुरेसा आहे का, लघवी होते का. त्यावरचा उतारा असलेल्या कॅल्शियम ग्लुकोनेटचं अँप्यूल त्याच ट्रेमध्ये हवं, स्टोअरच्या कपाटात नको. आपल्याकडे मॅग्नेशियम सल्फेटचं ५० टक्क्यांचं २ मिलीचं अँप्यूल म्हणजे १ ग्रॅम. ४ ग्रॅमसाठी चार अँप्यूल लागतात, आणि शिरेतून देण्यापूर्वी ते पातळ करावं लागतं.

*सर्जरी.* इथे बहुतेक काम एकाच प्रश्नाभोवती फिरतं. ऑपरेशनपूर्वीचं अँटिबायोटिक चिरा देण्याआधीच्या एका तासात गेलं का, आणि बहुतेक ऑपरेशनांत ते २४ तासांच्या आत थांबायला हवं, ते थांबलं का? पहिल्याची नोंद ओटीच्या कागदावर मिळते. दुसऱ्यासाठी वॉर्डात रोज पाठपुरावा करावा लागतो, गोड बोलून.

*मानसोपचार.* लिथियमची पातळी शेवटच्या डोसनंतर १२ तासांनी घेतलेल्या नमुन्याचीच धरायची, ०.६ ते १.२ च्या दरम्यान. सकाळची गोळी घेऊन मग रक्त दिलेल्या पेशंटचा आकडा चुकीचा घाबरवतो. पिशवीत दुखण्याची गोळी किंवा बीपीसाठी थायझाइड सापडलं तर लगेच सांगा, दोन्हींनी लिथियम चढतं.

*त्वचा आणि ऑर्थो.* मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदाच घ्यायचं असतं. वार ठरवा, तो वार कार्डावर अक्षरात लिहा, आणि पेशंटकडून तीनदा वदवून घ्या. रोज घेतलेल्या मेथोट्रेक्सेटने माणसं दगावतात.

दुष्परिणामाची नोंद

औषध सुरू झालं, मग अंगावर चट्टे आले. खाज सुटली तर गुजराती पेशंट "खंजवाळ" म्हणेल, मळमळ झाली तर "उबका", जुलाबांना "झाडा". तारीख पकडा: गोळी कोणत्या दिवशी सुरू, चट्टे कोणत्या दिवशी. भारतात दुष्परिणामांची नोंद ठेवणारा राष्ट्रीय कार्यक्रम २०१० पासून आहे आणि त्याचं समन्वय केंद्र २०११ पासून गाझियाबादच्या इंडियन फार्माकोपिया कमिशनमध्ये आहे. मोफत फोन १८००-१८०-३०२४. तुमच्या मेडिकल कॉलेजात बहुधा फार्माकॉलॉजी विभागातच त्याचं केंद्र असतं. तिथे या नोंदी सांभाळणाऱ्या असोसिएटची ओळख पहिल्याच आठवड्यात करून घ्या.

फॉर्म भरायला चार गोष्टी असल्या तरी पुरतं: कुठला पेशंट (आद्याक्षरं), काय झालं, कुठल्या औषधाचा संशय, आणि कळवणारा कोण. संशय पुरतो, सिद्ध करावं लागत नाही. दुष्परिणाम औषधामुळेच झाला का हे गुणांनी ठरवणारे नरान्जोचे दहा प्रश्न लावताना मात्र प्रामाणिक राहा. नऊ किंवा त्याहून जास्त आले तर निश्चित, पाच ते आठ संभाव्य, एक ते चार शक्य. जर्नल क्लबमध्ये दाखवायला बरं दिसतं म्हणून "औषध थांबवल्यावर सुधारलं"चा गुण आधीच देऊन टाकणं ही इंटर्नची आवडती खोड आहे. औषध थांबवून दोन दिवस झाले नाहीत तर "माहीत नाही" लिहा आणि परत जाऊन बघा. फेनिटॉइन किंवा कार्बामाझेपिन सुरू झाल्यावर काही आठवड्यांनी ताप, चट्टे आणि सुजलेला चेहरा एकत्र दिसले तर फॉर्म नंतर, आधी डॉक्टर.

डिस्चार्जच्या दिवशी आणि ओपीडीत

डिस्चार्ज कार्ड हातात पडल्यापासून रिक्षा येईपर्यंत तुम्हाला दहा मिनिटं मिळतात. त्यात सगळं सांगायला गेलात तर काहीच राहत नाही. तिन्ही याद्या पुन्हा समोर घ्या आणि फक्त बदललेलं सांगा: ही गोळी नवी, ही बंद, हिचा डोस बदलला. जुन्या पिशवीतलं बंद झालेलं पाकीट तिथेच वेगळं काढून द्या, नाहीतर घरी जाऊन जुनं आणि नवं दोन्ही चालू होतं. ब्रँडची नावं वेगळी, आतलं औषध एकच, असे दोन अ‍ॅम्लोडिपिन घेऊन पाय सुजलेले पेशंट मेडिसिनच्या ओपीडीत नेहमी भेटतात. वेळा गुजरातीत: "सवारे भूख्या पेटे", "जम्या पछी", "राते सूती वखते". वाचता न येणाऱ्यांसाठी पाकिटावर सूर्य आणि चंद्र काढा. रिफाम्पिसिनवाल्याला लघवी लालसर होईल हे आधीच सांगा, नाहीतर चौथ्या दिवशी तो गोळ्या सोडतो.

मधुमेहाच्या ओपीडीत दोन महिने मिळाले तर इन्सुलिनची सिरिंज प्रत्येक पेशंटकडे मागून बघा. आपल्याकडे कुपीतलं इन्सुलिन बहुतेक ४० युनिट प्रति मिलीचं असतं आणि त्याची सिरिंज लाल टोपीची. १०० युनिटवाल्याची सिरिंज केशरी टोपीची. दुकानदाराने टोपीचा रंग न बघता सिरिंज दिली, तर ४० च्या कुपीतून केशरी सिरिंजने "वीस" भरणाऱ्याला मिळतात फक्त आठ युनिट. उलटं झालं, म्हणजे १०० चं इन्सुलिन लाल सिरिंजने भरलं, तर वीसच्या जागी पन्नास, आणि तो पहाटे बेशुद्ध पडतो. साखर आटोक्यात येत नाही म्हणून डोस वाढवायच्या आधी सिरिंज बघितली गेली पाहिजे, आणि ती बघणारं माणूस तुम्ही आहात. दम्याच्या ओपीडीत तसंच रोटाकॅपचं. इनहेलरमध्ये घालून ओढायची कॅप्सूल पाण्याबरोबर गिळणारे लोक आहेत. "घेता का?" विचारलं तर हो म्हणतात. "घेऊन दाखवा" म्हटलं की कळतं.

वही, केस आणि सही

लॉगबुक रोजच्या रोज. शनिवारी बसून आठवड्याचं भरलेलं लॉगबुक परीक्षकाला पहिल्याच पानावर ओळखू येतं, सगळ्या नोंदी एकाच शाईत आणि एकाच मूडमध्ये असतात. प्रत्येक केससाठी पेशंट काय म्हणाला, रिपोर्ट काय म्हणतात, तुमचं मत काय, पुढे काय सुचवलं, या चार भागांपलीकडे जाऊ नका. आणि पाचवी ओळ जोडा, जी छापील नमुन्यात बहुधा नसते: सुचवलेलं मान्य झालं का, आणि पेशंटचं पुढे काय झालं. वर्षाच्या शेवटी मुलाखतीला बसाल तेव्हा कामाला येणार आहे ती हीच ओळ.

प्रकल्पासाठी पेशंटची माहिती वापरायची असेल तर एथिक्स कमिटीची परवानगी माहिती गोळा करण्याच्या आधी लागते, नंतर मिळत नाही. कमिटीच्या बैठका रोज होत नसतात, म्हणून अर्ज पहिल्या पोस्टिंगमध्येच टाकून ठेवा. प्रत्येक पोस्टिंग संपलं की त्याच दिवशी युनिटच्या प्रमुखांची सही आणि शिक्का घ्या. दोन महिन्यांनी शोधायला गेलात तर सरांची बदली झालेली असते, आणि मग एका सहीसाठी जामनगर किंवा भावनगरच्या फेऱ्या माराव्या लागतात.